हाताला बांधलेली सुरी

मौद्याच्या रस्त्यावरच्या कोंबडी कापायच्या कारखान्यात मी कामगारांचे हात तपासायला गेलो होतो. दिवसभर एकच हालचाल करून हात किती झिजतो, ते फॉर्मवर भरायचं होतं. सरकत्या पट्ट्यावर कोंबड्यांच्या तंगड्या वेगळ्या करणारी एक बाई मला पहिली मिळाली. मान वर न करता ती कापत होती आणि मी तिच्या हाताचे झटके मोजत होतो. तिच्या पंजाला ओढणीची चिंधी गुंडाळलेली दिसली. ‘हाताला संरक्षण’ या रकान्यात मी खुशीने ‘आहे’ लिहिलं.

“हात दुखतो का?”

तिने मागे उभ्या असलेल्या सुपरवायझरकडे पाहिलं. “नाही जी.”

जेवणाची घंटा झाली, पट्टा थांबला. तिने दातांनी चिंधीची गाठ सोडली, तशी सुरी हातातून खाली पडली. डबा तिने दोन्ही मनगटांत दाबून उघडला.

“बोटात जोरच नाही राहिला जी, म्हणून सुरी बांधून घेतो,” ती हळूच म्हणाली. “हे लिहू नका. दुखते म्हणणारीले दुसऱ्या दिवशी गेटातून आत घेत नाही.”

मी लिहिलं नाही. तिची नोकरी वाचवली, असं स्वतःला सांगितलं. माझ्या अहवालात तिचा हात अजून सुरक्षित आहे.