आमच्या गाडीचा पोळा

गाडी कापायला बाबांनी परवानगी दिली ती एका अटीवर: पोळ्याच्या दिवशी ती तोरणाखाली उभी पाहिजे.

अट ऐकून मी हसलो. पोळ्याला अडीच महिने होते आणि मी रोज नेरला जाऊन पोरांना वेल्डिंग शिकवतो. शंभर सीसीच्या एका म्हाताऱ्या गाडीचं हँडल, सीट आणि सायलेन्सर बदलायला मला काय धाड भरली होती? हा माझा स्वभावच आहे. मी आधी तारीख बघतो, आणि ती लांब दिसली की काम सोपं धरून चालतो.

अटीमागची हकिगत अशी. पाच वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे गेले, शेतीची कामं भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेली आणि आमची बैलजोडी विकली गेली. आमच्या घरात बैल दिला तरी दोर देत नाहीत. डाव्या बैलाचा दोर बाबांनी दाराआडच्या खुंटीला अडकवून ठेवला. त्या वर्षी ते पोळ्याला गेलेच नाहीत, दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी सकाळी उठून गाडी धुतली, तिच्यावर आईकडून शिवून घेतलेली झूल टाकली, हेडलाइटभोवतीच्या मुखवट्याला तो दोर बांधला आणि गाडी चालू ठेवून, अर्ध्या क्लचवर, शेजारून लंगडत जाऊन बैलांच्या रांगेत उभी केली. लोक हसले. त्याच्या पुढच्या वर्षी जरा कमी हसले. नंतर तर शेजारच्या काकांच्या जोडीच्या डाव्या अंगाला आमच्या गाडीची जागाच ठरून गेली. बाबांनी तिला डाव्या बैलाचं नावही दिलं. ते इथं लिहीत नाही, कारण आमच्या एका नातेवाइकांचं तेच नाव आहे आणि ते बैलाचंही होतं हे त्यांना अजून माहीत नाही.

एकच पंचाईत होती. दोर टिकायचा नाही. मुखवटा गुळगुळीत, हँडल आखूड. तोरणापासून घरापर्यंत दोर चारदा घसरायचा, बाबा चारदा थांबून पुन्हा बांधायचे आणि मागचे बैलवाले खोळंबायचे.

तर अशा गाडीची मला स्ट्रीट ट्रॅकर करायची होती. परदेशात मातीच्या गोल मैदानावर पळवायच्या गाड्या असतात. त्याच घाटाची, पण रस्त्यावर चालवायची गाडी म्हणजे स्ट्रीट ट्रॅकर. रुंद हँडल, आखूड सीट, जाड खाचांचे टायर, वर उचललेला सायलेन्सर, आणि बाकी सगळं काढून टाकलेलं. हे सगळं मी बाबांना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि विचारलं, "ह्या माणसाची गाडी जळली होती काय?"

काढायला सुरुवात केली तेव्हा कळलं की आमची गाडी म्हणजे मुख्यतः जोडलेल्या वस्तूच होत्या. कॅरिअर, साडीगार्ड, लेगगार्ड, दुधाच्या कॅनचे हूक, छत्री अडकवायची नळी, कोणत्यातरी दिवाळीत बाबांनी लावलेला दुसरा हॉर्न. सगळं काढून अंगणात ठेवलं तर ढीग गाडीहून मोठा झाला. येणारा-जाणारा थांबून हळू आवाजात विचारी, "जास्त लागलं तर नाही न कोणाले?" पहिले आठ दिवस मी समजावून सांगितलं की अपघात झालेला नाही, मी स्वतःच्या मर्जीनं हे करतो आहे. त्यावर लोक जास्तच हळहळायला लागले. मग मी सांगू लागलो की ट्रकनं मारली. गावात माझ्याबद्दल एकदम आपुलकी वाढली.

ग्राइंडरनं मागची चेसीस कापली त्या दिवशी आई बाहेर आली. दर चतुर्थीला ती बाबांच्या मागे एका अंगानं बसून कळंबला चिंतामणीला जायची. तिनं नवी सीट बघितली, वीतभर लांबीची, मागे उंचवटा असलेली.

"मी कोठी बसू?"

"आई, ही एकट्याची गाडी असते."

"मंग तुह्या बापाले सांग, आता एकट्यानंच जेवत जाय." असं म्हणून ती आत गेली आणि दोन दिवस फक्त साडीगार्डशी बोलली.

हँडल मिळालं अमरावतीच्या भंगारात, एका जुन्या मोठ्या गाडीचं, चांगलं हातभर जास्त रुंद. बाजूच्या पत्र्यावर शर्यतीच्या गाडीसारखा एक आकडा हवा होता. मी पेंटरला सात लिहायला सांगून नेरला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर त्यानं मोठ्या झोकात ७/१२ लिहिलेलं. म्हणे, "नुसता सात कोणी लिहिते काय? मले वाटलं बारा तुम्ही विसरले." मी इतका चिडलो की पाणीही न पिता घासायचा कागद शोधायला गेलो, पण बाबांनी हात धरला. त्या गाडीत त्यांना आवडलेली ती पहिली गोष्ट होती.

अशा सगळ्यात अडीच महिने संपले आणि सायलेन्सरचं वेल्डिंग पूर्ण झालं ते पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. ती बैलांचे खांदे शेकायची वेळ. शेजारचे काका आपल्या अंगणात बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होते आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्या कानाशी म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्यांचं वाक्य पूर्ण व्हायला आणि मी किक मारायला एकच गाठ पडली.

आवाज मला तरी फार सुंदर वाटला. बैलांचं मत वेगळं पडलं. दोघंही खुंटे उपटून, खांद्यावर लोणी घेऊन निघून गेले. एक तुरीच्या वावरात सापडला. दुसरा एसटीच्या थांब्यावर उभा होता.

तासाभरात आमच्या अंगणात माणसं जमली. पोलीस पाटील मध्ये खुर्चीवर. काकांचा आवाज रडवेला झाला होता. "एवढ्या जोड्या उभ्या राह्यतीन रांगेत, पोरंबाळं राह्यतीन. हे मशीन तिथं सुरू झालं तं?"

"तं काय," पाटील बाबांकडे न बघता म्हणाले, "औंदा गाडी नोका आणू भाऊ."

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. मी वाद घातला. बैलांनाच आवाजाची सवय लावायला पाहिजे, जग कुठं चाललं आहे, असलं काहीबाही बोललो. तेवढ्यात बाबा उठून आत गेले. बोलता बोलता माझी तिकडे नजर गेली. बाबांनी उद्यासाठी काढून ठेवलेली झूल हातात घेतली होती आणि ते तिची घडी घालत होते. काठाला काठ जुळवून, सावकाश. पाच वर्षांपूर्वीची ती भिंतीकडची पाठ मला आठवली आणि माझी मलाच लाज वाटली. एवढी एकच जागा त्यांच्याकडे उरली होती, आणि आवाजाच्या हौसेपायी ती मी घालवत होतो.

मी पाना आणला. सगळ्यांच्या देखत इंजिनातला प्लग काढला आणि पाटलांच्या हातात ठेवला. "हा तुमच्याजवळ ठेवा. ह्याच्याबिगर ती सुरू होऊच शकत नाही. उद्या मी ढकलत आणतो."

पाटलांनी प्लगचा वास घेतला, काकांना दाखवला. काकांनीही वास घेतला. कशाची खात्री पटली कोण जाणे, पण पाटलांनी तो पांढऱ्या शर्टाच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "आणा मंग."

सकाळी आईनं झूल दुमडून निम्मी केली. साडीगार्डचा राग गेला नव्हता, पण टाके बारीक घातले. बाबांनी खुंटीवरचा दोर काढला, नव्या हँडलच्या दोन्ही टोकांना वेढा दिला, गाठ मारली आणि ओढून पाहिलं. पुन्हा जोरात ओढलं. दोर जागचा हलला नाही.

ते हँडलकडे बघत राहिले. एका हातानं इकडचं टोक धरलं, दुसऱ्या हातानं तिकडचं.

"आता शिंगं आले," म्हणाले.

पुढे दोर धरून बाबा, मध्ये गाडी, मागे मी. काळ्या मातीचा चिखल जाड टायरांत असा भरला की तोरणापर्यंत गाडी दुप्पट वजनाची झाली, आणि मडगार्ड मीच हौसेनं काढून टाकलेलं, त्यामुळे उरलेला चिखल माझ्या पँटवर आला. शर्यतीच्या घाटाची गाडी मी ताशी अर्धा किलोमीटर वेगानं नेत होतो. काकांचे बैल आम्हाला बघून दोन पावलं बाजूला सरकले, मग उभे राहिले. तोरण तुटल्यावर परतताना माझी कंबर मोडली होती, पण दोर एकदाही घसरला नाही. बाबा मध्ये कुठंच थांबले नाहीत. आईनं दारात पुढच्या चाकावर पाणी घातलं, हेडलाइटला कुंकू लावलं आणि पुरणपोळीचा घास सीटवर ठेवला, जिथं तिला स्वतःला बसता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ओसरीत नव्हती. शोधत गोठ्यात गेलो. पाच वर्षं मोकळ्या असलेल्या डाव्या खुंट्याला ती दोरानं बांधलेली होती. बाबा पुढे बसून काडीनं टायरच्या खाचांतला चिखल काढत होते, बैलाच्या खुरांतला काढायचे तसा.

"बाबा, दोर नाही सोडला?"

"राहू दे," ते वर न बघता म्हणाले. "बाहेर काहून उभी ठेवतं? गोठा रिकामाच हाये."

मी त्यांच्या शेजारी बसलो. तेवढ्यात फोन वाजला. पोलीस पाटील पहाटेच्या एसटीनं उमरखेडला लेकीकडे गेले होते. शर्ट अंगात होता आणि प्लग खिशात. त्यांनी विचारलं, "ड्रायव्हरजवळ देऊन पाठवू काय?"

मी दुसरी काडी उचलली.

"घाई नाही," म्हटलं. मागचं चाक अजून बाकी होतं.