जिनपाल सरांची भुकेली वाक्यं

शाहूपुरीत सायकलच्या दुकानावर लोखंडी जिना चढून गेलं, की जिनपाल सरांचा इंग्रजीचा क्लास लागायचा. आपला धंदा कसा चालतो हे सर स्वतःच सांगायचे. त्यांना मोजकीच वाक्यं येत होती, पण त्यापुढचं विचारण्याइतकं इंग्रजी पोरांना येत नव्हतं. सत्त्याण्णव साल होतं, आणि कोल्हापुरात ज्याला त्याला इंग्रजी हवं होतं.

सरांचा हातखंडा विषय म्हणजे साधा भूतकाळ की चालू भूतकाळ. ते सांगायचे, काम उरकलं की साधा. जेवलो, हात धुतले, विषय मिटला. पण जेवत होतो म्हटलं की पुढं काहीतरी घडायलाच हवं. मग ते फळ्यावर लिहायचे, आय वॉज ईटिंग भजी व्हेन द लाईट्स वेंट. पोरं हसायची आणि वाक्य कायमचं डोक्यात बसायचं.

गंमत अशी, की सरांनी रात्री भजं कधी तोंडातसुद्धा घातलं नव्हतं. घर जैनांचं. दिवस मावळल्यावर अन्न नाही, हा नेम त्यांनी लहानपणापासून पाळलेला. क्लास मात्र संध्याकाळी सहा ते नऊ. दुपार कलली की चार घास गिळून निघायचे आणि साडेसातला खालच्या भज्यांच्या गाडीवरून तळणीचा वास जिन्यानं वर आला, की पोटात कावळे ओरडायचे. मग सरांच्या वाक्यात कुणी जिलेबी खात असायचं, कुणी बासुंदी पीत असायचं. आपण व्याकरण शिकवतो की हॉटेलचं मेनूकार्ड वाचतो, असा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडायचा.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या लग्नाचं जमत आलं. पेठ वडगावची भाग्यश्री त्यांनी पाहिली आणि मनात भरली. घडाघडा बोलणाऱ्या सरांना त्या दिवशी नाव विचारायलाही जमलं नव्हतं. तिचे चुलते आदगोंडा अण्णा घरातले कर्ते, पण बघण्याच्या दिवशी ते परगावी होते. रीतीप्रमाणे मुलाची गुपचूप चौकशी करायला ते एका संध्याकाळी क्लासात येऊन मागच्या बाकावर बसले. सरांना वाटलं, कुणाचे तरी पालक आलेत, पोराला घालतील. मग काय, सर रंगात आले. नेहमीच्या भज्यांवर थांबले नाहीत, मिसळ आणली, वर दोन पाव मागवले, प्रत्येक वाक्याला लास्ट नाईट जोडलं आणि प्रत्येक वेळी लाईट घालवली. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण ईटिंग आणि नाईट एवढं कळत होतं. भजी तर कळतच होती.

वडगावहून नकाराचा निरोप आला, तेव्हा सर धावत तिथं गेले. ओसरीवर मागच्या बाकावरचे तेच पालक बसले होते, म्हणजे अण्णा.

"पावणं, रात्री खाता, ते बी अंधारात?"

सरांनी सांगितलं, की ती नुसती शिकवायची वाक्यं, खाल्लं काहीच नाही.

"म्हंजे रोज पोरांम्होरं खोटं बोलता. मग आमच्या पोरीम्होरं काय बोलणार?"

खाल्लं म्हणावं तर नेम मोडलेला, नाही म्हणावं तर खोटारडा. आयुष्यभर दुसऱ्यांना काळ निवडायला शिकवणारा माणूस स्वतःसाठी एक धड वाक्य निवडू शकेना. स्थळ हातचं गेलं, हे त्यांना कळून चुकलं. ते उठून चपला शोधू लागले.

तेवढ्यात आतून भाग्यश्री दारात आली.

"अण्णा, पोटभर जेवलेला माणूस काय खाल्लं ते इसरून जातो. भज्यांची आठवण उपाशी माणसालाच येती. ह्यांनी खाल्लं न्हाई, म्हणून तर रोज खात हुतो म्हणत्यात."

अण्णांनी सरांकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. सदऱ्याच्या आत माणूस शोधावा लागत होता. मग त्यांनी बाहेर उन्हाकडं पाहिलं.

"दिस मावळाय लागलाय," ते म्हणाले. "पावण्यांचं ताट वाढ."

सर जेवले. घाईघाईनं, मान खाली घालून, दुसऱ्यांदा वाढलेल्या आमटीनं ठसका लागेपर्यंत जेवले. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं, असं ते पुढं कित्येक वर्षं सांगत राहिले.

लग्नानंतर भाग्यश्रीनं क्लासाची वेळ पुढं ढकलायला लावली आणि रोज दिवस मावळायच्या आत त्यांना पोटभर वाढून मगच जिन्याकडं सोडलं. पहिल्या संध्याकाळी सर फळ्यासमोर खडू घेऊन उभे राहिले, खालून भज्यांचा वासही आला, पण वाक्य काही सुचेना. पोरं वाट बघत होती. शेवटी सरांनी लिहिलं, आय एट, म्हणजे मी जेवलो, आणि पुढं टिंब दिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, की सर, पुढं काय झालं?

पुढं काही नाही, सर म्हणाले, आणि उगीचच हसत उभे राहिले.