धोंड्याच्या जेवणाची तालीम

जानेफळच्या समाजमंदिरात मी शुगरवाल्यांचा वर्ग घेते. भाषण द्यायचं नाही, असं मेहकरच्या प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं. मोठ्या माणसांना काय खावं ते सगळं ठाऊक असतं, फक्त हात ऐकत नाही. म्हणून जे जमवायचं ते वर्गातच करून पाहायचं आणि जमलं की लगेच शाबासकी द्यायची. आम्हाला जमवायचं होतं ते एकच, आग्रह करणाऱ्याला ‘नको’ म्हणणं. आपल्याकडे ‘नको’ म्हणजे ‘अजून दोनदा विचारा’. मी जोड्या लावल्या. एकाने वाढायचं, दुसऱ्याने ताटावर आडवा हात धरायचा. पहिल्या दिवशी मी खरे पेढे नेले. सगळे संपले. वाढणाऱ्यांनी गळ्याची शपथ घातली, असं खाणाऱ्यांचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवसापासून लिंबं नेली.

घरी हाच धडा मी आमच्या ह्यांना देत होते. ह्यांच्या डाव्या पायाचं एक बोट काळवंडलं होतं. साखर खाली आली नाही तर ते काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मला त्या बोटाची फार धास्ती होती.

तेवढ्यात अधिक महिना आला. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण चुकत नाही. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार, शिवाय अनारसे. माझं माहेर सोनाळ्याचं. शुगरचं माहेरी सांगायचं नाही, ही ह्यांची अट; सासुरवाडीत जावई आजारी नसतो. मग उरली तालीम. मी आई व्हायचे, लिंबू वाढायचे, डोळ्यांना पदर लावायचे. हे हात आडवा धरून ‘नको’ म्हणायचे. शेवटी शेवटी तर आंघोळीचं पाणी काढू का विचारलं तरी ‘नको’ येऊ लागलं. मी शाबासकी दिली.

सोनाळ्याला आई-वडील ह्यांचे पाय धुऊन कुंकू लावायला बसले, तेव्हा ह्यांनी परातीत एकच पाय ठेवला. दुसरा मोज्यात. आई माझ्याकडे पाहू लागली, मी आढ्याकडे.

मग पान वाढलं. आईने धोंडा उचलला. ‘नको.’ आई हसली. हे रीतीतच होतं. दुसऱ्यांदा ‘नको.’ तिसऱ्यांदाही, तितक्याच शांतपणे. आईचं हसू गेलं. तीनदा विचारूनही न खाणारा जावई म्हणजे रुसलेला जावई, आणि रुसलेल्या जावयाला काहीतरी हवं असतं. ती उठली आणि वडिलांच्या हातातली अंगठी मागितली. वडिलांनी मुकाट्याने हात पुढे केला. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं तेही शिकले होते.

आईने अंगठी ह्यांच्या ताटाशी ठेवली.

‘नको,’ हे म्हणाले. माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी.

‘मंग काय पायजे तुमाले, जवाईबापू?’ आई म्हणाली. ‘आमच्या घरचं गोड नाही लागत काय?’

हा प्रश्न तालमीत नव्हता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा आढ्याकडे. मग ह्यांनी मोजा काढला, पट्टी सोडली आणि पाय पुढे केला.

‘हे बोट पायजे, मामी.’

आईने वाकून ते बोट पाहिलं. मग मला म्हणाली, ‘काऊन व, मले नाही सांगतलं?’ आता ती रडेल, असं वाटलं. तिने धोंड्यांचं ताट उचललं आणि आत नेलं. वडिलांनी अंगठी परत हातात घातली.

आई बाहेर आली ती कुंकवाचा करंडा घेऊन. पाणी घालू नको, जखम आहे, असं मी म्हणणार होते. पण तिने पाणी आणलंच नव्हतं. ह्यांच्या समोर बसून, जखमेपासून हात लांब ठेवत तिने पावलावर कुंकू लावलं.

‘हा पाय राह्यला होता,’ ती म्हणाली, आणि मला ज्वारीच्या भाकरी टाकायला चुलीकडे पिटाळलं.