टेपचा नारळ

तुमच्या घरच्या हळदीला ज्या बाईचा आवाज मांडवात वाजला, तिला तुम्ही साधं जेवायला तरी बोलावलंत का?

मी विचारते, कारण कॅसेटवरच्या अशा आवाजांतला एक माझ्या आत्याचा आहे. आत्या धरमतरच्या खाडीकाठी राहते. एरवी मिठागरावर काम करते आणि लग्न असलं की ती धवलारीण असते. हळदीपासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तीच म्हणते. गाण्यात नवरीचं, आई-बापाचं, मामाचं नाव घेऊन ती एकेकाला पुढे बोलावते. तिनं नाव घेतल्याशिवाय आमच्याकडे मामासुद्धा जागचा हलत नाही. बदल्यात तिला सूपभर तांदूळ, नारळ, लुगडं आणि थोडे पैसे मिळतात. त्याला आम्ही मान म्हणतो.

आम्ही पेणला राहायचो. बाबा धाटावला कंपनीत होते. शिफ्टवरून येताना त्यांच्या खिशात युनियनची पत्रकं असायची आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. बाबा म्हणायचे, "पत्रकाच्या शेवटी मागणी पायजे. नायतर तो नुसता राग."

एका कॅसेटवाल्यानं पेणच्या रामवाडीत एक खोली घेतली, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि आत्याची गाणी भरून घेतली. आत्यानं विचारलं, "नवरी म्हणून नाव कोणाचं धरू?"

"घ्या कुठलंही नाव," तो म्हणाला.

आत्याच्या तोंडात आलं ते माझं नाव.

तिला एक साडी आणि दोन दिवसांची मजुरी मिळाली. कॅसेट बाजारात आली तेव्हा कव्हरवर भरजरी शालूतली कोणी गोरी मुलगी होती, वर मोठ्या अक्षरांत 'पारंपरिक धवले', खाली कंपनीचं नाव. आत्याचं नाव कुठेच नव्हतं. आत मात्र नवरीच्या प्रत्येक हाकेला माझं नाव. जिनं गायलं ती निनावी, आणि जिला सुरात एक ओळ म्हणता येत नाही तिचा जयघोष. मी पेटले. दोन पानी पत्रक लिहिलं आणि खाडीवर जाऊन आत्याला वाचून दाखवलं. ती जवळ्याची सुकी मासळी निवडत ऐकत होती.

"शिव्या झ्याक हायेत," ती म्हणाली. "पण मागतेस काय तू?"

मी दोन्ही पानं उलटून पाहिली, मागणी कुठेच नव्हती.

"त्या माणसाचं राहू दे गो. तू मना एकच सांग. मना आता मांडवात बोलावतील का नाय?"

खरी भीती ती होती. त्या लग्नसराईत बोलावणी कमी झाली होती. तिची जागा तिच्याच आवाजानं घेतली होती.

मग रोह्याच्या एका लग्नाचं बोलावणं आलं, पण पाहुणी म्हणून. मीही तिच्यासोबत गेले. नवरीचा भाऊ धाटावला कामाला. त्यानं भाड्यानं स्पीकर आणले होते. आत्याला बघून तो धावत आला. "मावशी, तुझीच कॅसेट लावलीय! आज तू नुसती बस, जेव." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आत्या मांडवाच्या खांबाला टेकून बसली, हात मांडीवर.

टेप सुरू झाला. दोन गाणी वाजली. तिसऱ्यात नवरीला पाटावर बोलावतात, तर टेपनं बोलावलं मला.

"ऊठ गो, तुला हाक मारतेय!" एक बाई म्हणाली.

"हिला पेणपासून रोह्यापर्यंत रोज हळद लागते," दुसरी म्हणाली, "तरी एक नवरा नाय गावला!"

सगळा मांडव हसला. मीही हसले. आत्या हसली नाही. नवरीची आईही हसली नाही. ती उठली, तिनं टेपचं बटण दाबलं आणि तांदळाचं सूप घेऊन आत्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाय, गा."

"तुमचा टेप हाय ना."

"टेपला माझ्या पोरीचं नाव ठावं नाय."

आत्यानं पदर सारखा केला आणि त्या मुलीचं नाव घेतलं. इतका वेळ मैत्रिणींशी खिदळणारी ती मुलगी उठली आणि पाटावर जाऊन बसली. मग मामाला हाक गेली, मग काकीला. मी तोवर हक्क हा शब्द छापलेलाच पाहिला होता. त्या संध्याकाळी तो गायलेला ऐकला.

दुसऱ्या दिवशी निघताना नवरीच्या आईनं आत्याला मान दिला. वर आणखी एक नारळ आणि दोन मुठी तांदूळ ठेवले.

"हे कशाचं गो?"

"टेपचं. दोन गाणी पुरी वाजली ना? आवाज तुझाच व्हता."

भाऊ ओशाळला. "आये, कॅसेटचे पैसे मी दुकानात दिलेत!"

"मग काय दुकानदार गायला?"

त्या बाईच्या पाया पडावंसं मला वाटलं, अजूनही वाटतं. तिनं कोणाचं पत्रक वाचलं नव्हतं. ही गोष्ट बायकांच्या तोंडून गावोगाव गेली. काही घरांनी टेप लावला की आत्याकडे नारळ पोचवायला सुरुवात केली, काहींनी तिलाच बोलावलं. एकदा आखातात नोकरी करणारे आमच्याकडचे एक मुसलमान चाचा सुट्टीवर आले असताना नारळ घेऊन तिच्या दारात उभे राहिले. "तिकडे खोलीत आम्ही सगळे तुमचीच कॅसेट ऐकायचो, बाई," ते म्हणाले. "नारळ मात्र तिकडचा नाय हां, पेणच्या बाजारातलाच हाय." आत्यानं त्यांना चहा पाजला आणि बोलावून बोलावून शेजाऱ्यांना तो नारळ दाखवला.

कॅसेटवाल्यानं पुढं काही दिलं नाही. त्याच्यावरचा माझा राग तसाच आहे. आता शहरात सीडी आल्यात, उद्या आणखी काही येईल, आणि गाणाऱ्याचं नाव गाळणंही त्यासोबत येईल. पण माझ्या पत्रकात जी मागणी नव्हती, ती मला रोह्याच्या त्या आईनं दिली. तीच तुमच्यापुढे ठेवते.

घरातली लग्नाची कॅसेट काढा. आत कोण गातंय ते गावात विचारा. कव्हरवर पेनानं तिचं नाव लिहा. आणि पुढच्या हळदीला ती कॅसेट मांडवात वाजली, तर टेपचा नारळ तिच्या घरी पोचवा. स्वतः जाऊन द्या.