तो येऊन राह्यला

"कॅप्टन मरून राह्यला," मी म्हनलं.

लॅपटॉपमधून पुन्याच्या केतकी मॅडमनं इचारलं, "म्हणजे मेलेला आहे का?"

"नाई जी. मेला नाई. मरून राह्यला."

"मरून... राहिला?"

"हो. आता आताच सुरू केलं त्यानं."

तिकडं तिघंही खदखदा हसले. मॅडमच्या एका बाजूले अनिकेत, दुसऱ्या बाजूले ओम, दोघंही त्याईच्याच कंपनीतले. भेव दाखवाचा गेम, अन् पह्यल्याच मिनिटाले हशा. बाजूले आमचे साहेब सुमेधभाऊ कपाळ धरून बसले होते. त्याईले बोलता येत नव्हतं. काहून, ते सांगतो, पन पह्यले आमचं काम काय ते सांगू द्या, नाई त तुमी म्हनसान ही बाई सकाळी सकाळी कोनाले मारून राह्यली.

कामरगावात कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत आमचं ऑफिस. सुमेधभाऊ गावातलेच. पुन्याले शिकले, नोकरीले लागले, अन् मंग ते सगळं सोडून गेम लिहाले गावात वापस आले. त्याईच्या मायबापाले लोकं अजून भेटाले जातेत, कोनी वारल्यावानी. हा गेम मोबाईलमधला नाई. टेबलाभोवती बसून खेळाचा. एक जन गोष्ट सांगते, त्याले गेम मास्टर म्हन्तेत. बाकीच्याइनं गोष्टीतला एकेक मानूस व्हाचं, अन् आपन काय करतो ते सांगाचं. जमलं का नाई, ते फासा टाकून पाहाचं. याले टेबलटॉप रोलप्लेइंग म्हन्तेत. आपल्याकडं लाइन गेली का वट्यावर बसून भुताच्या गोष्टी सांगतेत, तेच. फासा जास्तीचा, अन् नाव इंग्रजी.

गोष्ट ज्या दुनियेत घडते तिले सेटिंग म्हन्तेत. सुमेधभाऊची सेटिंग अशी. अवकाशात एक जहाज चाललं. धरती राहाच्या लायक उरली नाई, म्हनून मानसं थंड पेट्याइत झोपवून दुसऱ्या ग्रहावर नेऊन राह्यले. मधातच कॅप्टन अन् तीन जन जागे होतेत. जहाजातली लाइट गेलेली. अन् बाहेरच्या अंधारातून काईतरी जहाजाकडं येते. वाशीम जिल्ह्यात राहून लाइट गेल्याचं भेव दाखवाले जिगर लागते, पन ते असो.

मी तिथं झाडझूड अन् चहा कराले लागली होती. नववीत शाळा सुटली, लग्न झालं, आरोही झाली, एवढंच माहं शिक्षन. एक दिवस सुमेधभाऊ कारंजाच्या कॉलेजच्या पोट्ट्याइसंग गेम खेळून पाहून राह्यले होते. त्याले प्लेटेस्ट म्हन्तेत, म्हन्जे विकाच्या पह्यले चाखून पाहनं. पोट्टे जांभया देऊन राह्यले होते. मी चहाचा ट्रे घेऊन दाराच्या मांगं उभी. सुमेधभाऊ म्हने, "आणि दाराच्या मागे कोणीतरी श्वास घेतंय."

दाराच्या मांगं मीच होती. तरी मलेच भेव लागलं, अन् ट्रे खाली.

त्याच दिवशी माहं प्रमोशन झालं. टेस्टर. या पोस्टले डिग्री लागत नाई, काळीज कच्चं पाह्यजे.

मंग रोजचं काम एकच. त्याईनं लिहाचं, मले वाचून दाखवाचं, मी घाबराचं. मी घाबरली का माल पास. आता मी पालीले भेतो, फटफटीच्या हॉर्नले भेतो, सासूबाई चूप बसल्या त लयच भेतो. असं मीटर लावल्यावर कोनता माल नापास होनार? गेम छापून विकनाऱ्या पुन्याच्या कंपनीनं दोन खेपा वापस पाठवला. "सगळं छान आहे, फक्त भीती वाटत नाही." म्हन्जे वरन झाक झालं, फक्त त्यात दाळ नाई.

तिसऱ्या खेपीले मॅडमनं सांगतलं, व्हिडिओ कॉलवर डेमो द्या, आमी स्वतः खेळून पाहतो. नाई जमलं त विषय बंद. विषय बंद म्हन्जे ऑफिस बंद.

अन् ऑफिस बंद म्हन्जे माह्यासाठी वीटभट्टी. आरोहीचे पप्पा हिवाळ्यात भट्टीवर जातेत. मांगच्या साली मी अन् आरोही संग गेलतो. तिथल्या धुरानं पोरीच्या छातीत घरघर बसली. दोन वर्साचं लेकरू, झोपीत असं वाजे का मी रातभर तिच्या तोंडाकडं पाहत बसो. डॉक्टरनं सांगतलं, हिले पुन्हा धुरात नेऊ नका. सासूबाई म्हने, "काय वं, विटा थापाले डॉक्टर येते काय?" मी म्हनलं, मले नोकरी हाय, मी यंदा गावातच राह्यतो. "भुताची नोकरी! तनखाही भूतच देत असन." दिवाळी झाली होती. यंदा भट्टीवर मजूर नेनाऱ्या गाडीसाठी मुकादमाचा फोनही येऊन गेलता. नोकरी हाय तवर मी गावात. नोकरी गेली का पोरीले घेऊन गाडीत.

इकडं सुमेधभाऊनं डेमोची तयारी जोरात केली. म्हन्जे राक्षसाच्या आवाजाची प्रॅक्टिस. सकाळी गुरगुर, दुपारी गुरगुर. कृषी केंद्रवाले काका वर येऊन इचारून गेले, "कुत्रं बांधून ठेवलं काय बावा इथं?" डेमोच्या दिवशी घसा पुरा बसला. राक्षस राह्यला बाजूले, त्याईले 'चहा' म्हनता येईना. त्याईनं माह्याकडं बोट दाखवलं.

"भाऊ, मी नाई. मले भेव लागते."

त्याईनं आरोहीची पाटी घेतली अन् लिहिलं, घाबरतच बोला, तेच पाहिजे.

अशी मी गेम मास्टर झाली. गोष्ट पाठ होती, जितक्यांदा ऐकली तितक्यांदा भेली होती. जिथं अडकन तिथं सुमेधभाऊ पाटीवर लिहून दाखवनार. आरोही टेबलाखाली सतरंजीवर झोपली होती, कारन सासूबाईनं सांगतलं होतं का भुताकडं जातं त लेकरू संग ने. खिडकीवर खताच्या पोत्याइचा पडदा लावला, अंधार वाटावा म्हनून. अंधार नाई झाला, वास लय झाला.

तर कॅप्टन मरून राह्यला होता अन् पुन्याचे लोकं हसून राह्यले होते. ओम मोबाईल पाहाले लागला. मॅडमनं घड्याळ पाह्यलं. माह्या डोळ्यापुढं मुकादमाची गाडीच आली. सुमेधभाऊनं घाईघाईनं पाटी पुढं केली. पाटीवर होतं, 'तो जहाजात येत आहे.'

पाटीवरची बोली पुन्याची होती, पन तोंड त कामरगावचं. मी म्हनलं, "तो जहाजात येऊन राह्यला."

हसनं थांबलं.

"येऊन राहिला?" मॅडम म्हने. "कधीपासून?"

मले वाटलं, कवा निघाला ते इचारून राह्यल्या. म्हनलं, "तुमी पेटीत झोपले होते ना जी, तवापासूनच."

ओमनं मोबाईल पालथा ठेवला.

मले तवा समजलं नाई, नंतर समजलं. आमच्याकडं 'येऊन राह्यला' म्हन्जे येत हाय, अजून रस्त्यानं हाय. पुन्याच्या कानाले ऐकू गेलं का तो कवाचाच आला, अन् इथंच मुक्कामाले राह्यला.

"आणि आम्हाला कळलंच नाही?" मॅडमनं इचारलं.

"कसं कळन? झोपीत होते तुमी."

"आता कुठे आहे तो?"

"जवळच हाय जी. लय जवळ."

आमच्या कागदावर असं होतं का आता हे लोकं खिडकीतून बाहेर पाहतीन, अन् दूर अंधारात राक्षस दिसन. तीन पानं लिहिले होते त्या खिडकीवर. मॅडम म्हने, "खिडकी नको. मी पेट्या बघते. एक पेटी उघडते."

पेट्याइवर सुमेधभाऊनं एक ओळ लिहिली नव्हती. ते दोन्ही हातानं नाई नाई कराले लागले. पाटीवर लिहाले गेले त पेन्सिल तुटली.

"काय आहे पेटीत?"

"मानूस हाय. झोपून राह्यला."

"माणूसच आहे ना? नक्की?"

हे असं आजवर कोनी इचारलं नव्हतं. मलेच कसंतरी झालं. म्हनलं, "दिसून त तसंच राह्यलं."

अनिकेतच्या हातात फासे होते, ते त्यानं टाकलेच नाई. "काय करतोय तो?"

मी सुमेधभाऊकडं पाह्यलं. ते माह्याकडं पाहून दात-ओठ खाऊन राह्यले होते. मले वाटलं, दात दाखवाचा इशारा हाय.

"हसून राह्यला," मी म्हनलं.

"झोपेत?"

"हो जी."

अन् तेवढ्यात घरघर सुरू झाली. टेबलाखालून. पह्यले बारीक, मंग मोठी.

"हा... हा आवाज कुठून येतोय?" मॅडम म्हने.

मी गेम-बिम सगळं भुलली. "खालून," माहा आवाज फाटला, "खालून येऊन राह्यला. बंद झालं होतं हे. पुन्हा सुरू झालं वं माय, पुन्हा सुरू झालं!"

अन् मी खुर्चीवरून टेबलाखाली घुसली. पुन्याच्या स्क्रीनवर राह्यली नुसती रिकामी खुर्ची अन् घरघर. मले वरतून चिल्लावनं ऐकू आलं. कोन्या पोट्ट्याचं होतं ते नंतर दोघंही कबूल करेनात.

आरोहीले उचललं, खांद्यावर उभी धरली, पाठ चोळली. घामानं भिजली होती. हळूहळू श्वास मोकळा झाला अन् ती डोळे उघडून माह्याकडं पाहाले लागली. मी तिले घेऊन तशीच वर आली, केस सुटलेले, डोळ्यात पानी. तिकडं मॅडम उभ्या झालत्या. अनिकेत त्याईच्या केबिनचं दार लावून आलता.

"मॅडम, मले लय भेव लागून राह्यलं," मी म्हनलं. हे गेममधलं नव्हतं.

"आम्हालापण," ओम म्हने.

मंग मॅडम खाली बसल्या, पानी पेल्या, अन् म्हने, "सुमेध, हे सुचलं कसं तुला? आम्ही बाहेरून येणाऱ्याची वाट बघतोय, आणि तो आधीच येऊन राहिलाय. आमच्यातलाच झालाय! हीच तर भीती हवी होती."

सुमेधभाऊनं माह्याकडं पाह्यलं. मी त्याईच्याकडं पाह्यलं. त्याईनं छातीवर हात ठेवला अन् मान खाली घातली. घसा बसला तरी नम्रता दाखवता येते, हे मले त्या दिवशी समजलं.

"आणि ते श्वासाचं साउंड कोणी केलं?"

"माह्या पोरीनं," मी म्हनलं.

ते पुन्हा हसले. त्याईले वाटलं, मी मजाक करून राह्यली.

गेम पास झाला. खिडकीचे तीन पानं गेले, पेट्याइचा मोठा भाग आला. डब्ब्यावर 'संकल्पना' म्हनून सुमेधभाऊचं नाव येनार हाय. आमचं कोनाचं येत नाई, पन आमाले डब्ब्यावर राहाचंही नव्हतं, गावात राहाचं होतं. सासूबाई म्हने, "भूत पावलं वं तुले." त्याईच्याकडून हे म्हन्जे सत्कारच.

आरोहीचे पप्पा एकटेच गेले. गाडीत बसाच्या पह्यले त्याईनं पोरीले घेतलं, तिच्या छातीले कान लावून उभे राह्यले, अन् काई न बोलता माह्याजवळ दिली.

आता हरेक डेमोले मॅडम मलेच बोलावतेत. म्हन्तेत, त्या ताईंच्या बोलण्यात काहीतरी गूढ आहे. गूढ! मंग स्टँडवरचा जीपवाला केवढा गूढ असन, दिवसभर बोंबलते, "कारंजा जाऊन राह्यली, कारंजा!"

या लाइनीत राहून मी एकच गोष्ट शिकली. समोरचा उलटं समजून घाबरला, अन् त्या घाबरन्यात आपलं लेकरू धुरापासून वाचत असन, त समजावून सांगाची घाई करू नये. मॅडमले मी अजून काईच सांगतलं नाई. इचारलं त सांगीन. पन शिकलेले मानसं, ज्याचा अर्थ त्याईले समजला असं वाटते, ते कायले इचारतीन?