शेवटच्या डब्यावरची पाटी

शिरूरला रेल्वे नाही. मालवाहतुकीच्या बातम्यांसाठी मी दौंडला जायचो आणि काम आटोपलं की मनमाड मार्गावरच्या एका लहान स्टेशनात सख्ख्या मामांजवळ बसायचो. मामा पॉइंट्समन होते. गाडी जाताना हिरवा झेंडा धरायचा आणि शेवटच्या डब्यावरची पाटी पाहायची, हे त्यांचं काम. पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली, मागे एकही डबा सुटलेला नाही.

डोळ्यांच्या तपासणीत नापास होणाऱ्याला ऑफिसात बसवतात. मामांना त्याचीच धास्ती होती. "चार भिंतीत जीव जाईल माझा," म्हणायचे.

माल ते आवाजावरून ओळखत. सिमेंट, खत, साखर. विदर्भाकडून येणारा कोळसा दबका वाजायचा. मी हसलो की म्हणत, "तुम्हा पेपरवाल्यांना छापल्याबिगर कळतंय व्हय!"

गाडी गेली की सहज विचारत, "दिसली न्हवं रं पाटी?" मी "हो" म्हणायचो.

एका दुपारी कोळशाची गाडी आली. दोन डब्यांमधल्या फटीतून पलीकडचं शेत तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं: ऊस, मोटारीची खोली, थोडी मेंढरं, पुन्हा ऊस. मेंढरं पुढे सरकत होती की गाडी, कळेना. भान आलं तेव्हा रूळ रिकामे होते. हवेत काळी भुकटी तरंगत होती.

"दिसली न्हवं?"

"माझं लक्ष नव्हतं, मामा. तुम्ही पाहिलीत ना?"

ते डोळे बारीक करून गाडी गेली त्या दिशेला पाहू लागले. इतके दिवस पाटी मीच पाहत होतो, हे तेव्हा कळलं.

त्यांनी आत जाऊन स्टेशन मास्तरांना सांगितलं, "कोळशाची पाटी दिसली न्हाई."

"नव्हतीच, की दिसली नाही?"

मामांनी झेंडा टेबलावर ठेवला. "हाय का न्हाई, ठावं न्हाई. मला आताशा दिसतच न्हाई, साहेब."

मागची गाडी थांबवली. थोड्या वेळाने पुढच्या स्टेशनातून फोन आला: पाटी जागेवर आहे.

आता मामा दौंडच्या एका ऑफिसात टपाल लावतात. परवा गेलो, तेव्हा बाहेरून मालगाडी चालली होती. त्यांचा हात थांबला.

"कोळशाची. रिकामी चाललीय."

मी खिडकीशी गेलो आणि शेवटचा डबा जाईपर्यंत हललो नाही.

"दिसली, मामा."

"ह्या बारीला बघितलीस व्हय!" म्हणाले, आणि पुढचं पाकीट उचललं.