बिननंबरी दगड

तूरडाळीच्या पोत्यांवर पाठ टेकून समुद्र गाठणारा, आणि समुद्र गाठल्यावर पाण्याकडे पाठ फिरवून दगडावर चढू लागणारा सरकारी नोकर या उभ्या राज्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या पत्नीचा मामा निघाला. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. हुमनाबादच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहिण्याचा व्यवसाय मी जन्मभर केला. माझी शाळा उर्दू चौथीत सुटली खरी. तथापि तीन भाषांतले मायने मला मुखोद्गत आहेत, आणि शिकलेली माणसेही मसुदा नजरेखालून घालून घेण्यासाठी माझ्याकडे येतात. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला सरकारकडून काहीतरी हवे असे. कोणाला विहीर, कोणाला बदली, कोणाला सख्ख्या भावाचा बांध. मामांना सरकारकडून काहीच नको होते. त्यांना समुद्रातल्या एका दगडाच्या माथ्यावर थोडा वेळ उभे राहायचे होते. एवढ्याशा मागणीला कोणता मायना लावावा, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

मामा मोजणी खात्यात मोजणीदार होते. ते जमीन मोजीत, मोजणीतून तंटा निघे, तंट्यातून अर्ज निघे, आणि अर्जावर माझी चूल पेटे. तेव्हा आमचे नाते केवळ सोयरिकीचे नव्हते. पण मोजणीची जी साखळी ओढून दुसरे मोजणीदार रुबाबदार होत गेले, तीच ओढून मामा दिवसेंदिवस हळवे होत गेले. खजुरीकडच्या एका रानात दोन भाऊ बाभळीवरून हमरीतुमरीवर आले होते. झाड थोरल्याकडे, सावली धाकट्याकडे. धाकटा म्हणाला, "झाड घेऊ द्या त्याला. सावली मोजून माझ्या नावावर करा." दुसरा कोणी असता तर दोघांनाही हाकलून देता. मामांनी सकाळी सावली मोजली, दुपारी मोजली, भाकरी खाल्ली, आणि दिवस कलताना पुन्हा साखळी टाकली. तोवर सावली तिसऱ्याच माणसाच्या तुरीत जाऊन पडली होती. "आता ह्याला बी बोलवा," मामा शांतपणे म्हणाले, "तिघं मिळून वाटून घ्या." भाऊ वरमले आणि घरी गेले. माझा एक अर्ज मात्र बुडाला, याची मामांनी कधी पर्वा केली नाही.

हा दगड त्यांच्या आयुष्यात कसा शिरला, तेही सांगितले पाहिजे. आमचा मुलूख मैसूर राज्यात गेल्यावर जुन्या जरीबवाल्यांना, म्हणजे निजामी साखळीने मोजणाऱ्यांना, नवी पद्धत शिकण्यासाठी निरनिराळ्या जिल्ह्यांत धाडण्यात आले, तेव्हा मामांच्या वाट्याला उत्तर कानड्याचा किनारा आला. गोकर्णाच्या अलीकडे कोळ्यांची एक वस्ती आहे. तिच्यासमोर, वाळूपासून हाकेच्या अंतरावर, भर समुद्रात एक तांबडा सुळका उभा होता. मामांनी दुर्बिणीतून पाहिले आणि ते चरकले. कारण तो दगड आपल्या बीदरचा होता. तोच जांभा, तीच भोके, किल्ल्याच्या भिंतीची तीच तांबूस कांती. बीदरच्या किल्ल्याचा एखादा बुरूज रुसून चालत चालत समुद्रात जाऊन उभा राहावा, तसा. मामांनी शेजारच्या कानडी मोजणीदाराला त्याचा सर्व्हे नंबर विचारला. तो हसून म्हणाला, "अदक्के नंबर इल्ल." त्याला नंबरच नाही! मामा सांगत, की त्या क्षणी आपल्या अंगातून कोणीतरी साखळी सोडवून घेतल्यासारखे वाटले. ज्याला नंबर नाही, हद्द नाही, वारस नाही, ज्याच्यासाठी कोणी कोणावर काठी उगारलेली नाही, अशी जागा पृथ्वीवर आहे, आणि तिच्यावर उभे राहता येते! तेव्हापासून ते मोजत राहिले इकडे, आणि राहिले तिकडे.

मग दर वैशाखात रजा काढून मामा निघत. खात्याने टाकून दिलेल्या तंबूचे किंतान शिवून त्यांनी पाठीवरची पिशवी केली होती, आणि तिला बैलाच्या जुन्या जोत्यांचे पट्टे लावले होते. पिशवीत विहिरीचा नाडा, एक धोतर, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्या पत्नीने भाजून दिलेल्या कडक भाकरींची चळत. आपल्याकडची ही कडक भाकरी महिनाभर टिकते. मामांच्या मते ती मुळात प्रवासासाठीच निर्माण झाली असून शेतकऱ्यांनी ती गैरसमजाने घरी बसून खायला सुरुवात केली. गाडीभाड्याचा प्रश्न त्यांनी कायमचा सोडवला होता. हमरस्त्यावरच्या ढाब्याशी उभे राहायचे, गुलबर्ग्याहून हुबळीकडे डाळ नेणारी लॉरी पकडायची, आणि पुढे लॉऱ्या बदलत समुद्र गाठायचा. लॉरीवाले त्यांना ओळखू लागले होते. "क्या मामा, फिर चले पत्थर कू?" असे एखादा मियाँ विचारी. "हौ मियाँ, बुलावा आया," म्हणत मामा पोत्यांवर चढत. डाळीची पोती समुद्राच्या वाळूपेक्षा मऊ असतात, हा शोध त्यांचाच.

चढण्याचा सराव ते गावाबाहेरच्या एका कोरड्या पडीक विहिरीत करीत. जांभ्याच्या भोकांत बोटे रुतवून पालीसारखे भिंतीला चिकटत. एकदा शेण वेचायला गेलेल्या एका बाईने आत डोकावून विचारले, "मामा, पडलाव का चढायलाव?" मामा मान न वळवता म्हणाले, "अजून ठरलं न्हाई, अक्का." तिने गावात जाऊन सांगितले की मोजणीदाराने जीव दिला. माणसे दोर घेऊन धावली, तोवर मामा वर येऊन काठावर धोतर झटकत होते. जमलेल्या लोकांची निराशा झालेली पाहून त्यांनी सर्वांची मनापासून माफी मागितली.

सुळक्याच्या पायथ्याशी चालत जाता येते ते अमावास्येच्या आगेमागे तीनच दिवस, सकाळच्या मोठ्या ओहोटीला. एरवी सभोवार पाणी. मामांनी चार वैशाख खर्ची घातले, आणि चारही वेळा माथ्याखालच्या शेवटच्या कपारीवरून ते परत आले. कधी पाऊस आडवा आला, कधी पाणी लवकर फिरले. पाचव्या वर्षी त्यांचे गुडघे कुरकुरू लागले होते. आमच्या ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत ते म्हणाले, "औंदा झालं तर झालं, जावईबापू. फुडल्या साली हे दोगं यायचे न्हाईत." दोघे म्हणजे गुडघे. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण मला राहवले नाही, आणि मी म्हणालो, "मी येतो बरोबर." माझ्या पत्नीने भाकऱ्या बांधताना एवढेच बजावले, "मामा, ह्यांना जसं न्यायलाव तसंच परत आणा. ह्यांना पायरीवरनं उतरायला बी भिंत लागती."

पोत्यांवर उताणे पडून आभाळ मागे मागे जाताना पाहणे यासारखे दुसरे सुख नाही, हे मी लिहून देण्यास तयार आहे. काळी रानं संपली, तांबडी माती आली, मग घाट, सागाच्या रांगा, आणि एका वळणावर वाऱ्याला मिठाचा वास आला. मामा झोपेतून उठून बसले. "आला," म्हणाले, जणू पाहुणा दारात आला होता. आणि मग तो दगड दिसला. सकाळच्या धुक्यात त्याचा पाय दिसत नव्हता. पाण्यापासून सुटून तो तसाच वर तरंगत असावा असे वाटले. मी व्यवसायाने वर्णने लिहिणारा माणूस, पण मला एक शब्द सुचला नाही.

शब्द सुचले ते नंतर, आणि तिथेच माझ्या हातून घात झाला. परवानगीवाचून परमुलखातल्या दगडावर पाय ठेवणे मला उचित वाटेना. उद्या कोणी हरकत घेतली तर? मी रीतसर अर्ज तयार केला, तीन प्रतींत, तिकिटासह. "मजकूर अर्जदार सदरहू दगडावर चढून काही काळ उभे राहू इच्छितो व त्यानंतर कोणताही हक्क न सांगता खाली उतरेल." हे वाक्य मी आजही माझ्या उत्तम वाक्यांपैकी एक मानतो. ओहोटीचे दिवस तीनच, हे मामांना ठाऊक होते. पण जावयाचा शब्द मोडायचा कसा? आमच्याकडे जावई चुकला तरी त्याला पाट आधी मांडतात. ते किनारा सोडून माझ्याबरोबर तालुक्याच्या कचेरीत आले. पहिल्या दिवशी साहेब फिरतीवर होते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, मजकुराची तारीफ केली, आणि विचारले, "पण याचा सर्व्हे नंबर? नंबराशिवाय मी हा कोणत्या टेबलावर पाठवू?" मी पायऱ्या उतरून आलो तेव्हा मामा सावलीत बसून नारळाच्या झावळ्या पाहत होते. मी म्हणालो, "मामा, दोन दिवस गेले." ते म्हणाले, "जाऊ द्या की. अर्ज लई झकास हुता." यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला इतके लागले नसते.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरले आणि ओल्या वाळूची एक चिंचोळी वाट दगडापर्यंत उघडी पडली. मामा म्हणाले, "तुमी हितं बसा." पण दोन दिवस बुडवल्याची भरपाई सोबतीने करावी, असे माझ्या मनाने घेतले, आणि मीही त्यांच्या मागे भोकांत बोटे घातली. दोन पुरुष उंचीपर्यंत सर्व ठीक होते. मग मी खाली पाहिले. त्याबरोबर माझ्या दोन्ही पायांनी माझे ऐकणे बंद केले. वर पाहावे तर मामा शेवटच्या कपारीवर उभे, आणि त्यांचा उजवा हात माथ्याच्या कडेवरून पलीकडे गेलेला! केवळ अंग उचलायचे बाकी होते. मी हाक मारायला नको होती. पण तोंडातून "मामा" निघून गेले.

त्यांनी खाली पाहिले. वाळूच्या वाटेवर पहिली लाट पसरून गेली होती. त्यांनी एकदा वर पाहिले. मग हात काढून घेतला आणि उतरू लागले.

"तुम्ही जाऊन या," मी ओरडलो, "मी थांबतो!"

"तुमी थांबाल हो," ते उतरता उतरता म्हणाले, "पाणी थांबंल का?"

"मामा, पाच वर्षं..."

"गप बसा. आन डोळे मिटू नका. भाचीला काय सांगू? जावई नंबराच्या भाईर ठिवून आलो म्हणून?"

माझा एकेक पाय त्यांनी आपल्या हाताने उचलून एकेका भोकात ठेवला, रांगोळीचा ठिपका ठेवावा तसा. खाली उतरलो तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत आले होते. काठावर बसून मामांनी भाकरी मोडली, अर्धी मला दिली, आणि बराच वेळ उजव्या हाताची बोटे निरखत राहिले. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, वर गवत हाय. बोटाला लागलं. मऊ हाय."

पुढच्या वर्षी गुडघे खरोखरच आले नाहीत. निवृत्त होऊन मामा कमलनगरला लेकाकडे राहायला गेले. तरी दर वैशाखी अमावास्येला मोटारीने हुमनाबादेस येतात, आणि माझ्या टेबलासमोरच्या बाकावर, जिथे भांडणारे भाऊ बसतात तिथे, काही न मागता बसून राहतात. गेल्या खेपेस मला ते पाहवेना. मी कोरा कागद ओढला आणि माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात, दस्तात लिहितात तशी, त्या दगडाची चतुःसीमा लिहिली: सर्व्हे नंबर, नाही. उत्तरेस समुद्र. दक्षिणेस समुद्र. पश्चिमेस समुद्र. पूर्वेस समुद्र. माथ्यावर गवत, मऊ. ताबा, कोणाचा नाही.

मामांनी चष्मा लावला आणि मोजणीदाराच्या सवयीने बोट ठेवून एकेक ओळ तपासली. एका ओळीशी बोट थांबले.

"पूर्वेला चुकलाव."

"कामून? चहूकडं पाणीच की."

"तीन दिस न्हाई ऱ्हात," मामा म्हणाले. "पूर्वेला वाट लिवा."

मी समुद्र खोडला आणि वर वाट लिहिली. खाडाखोड झाली की समासात सही घ्यावी लागते, म्हणून दौत पुढे सरकवली. मामांनी सावकाश सही केली, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली, आणि कचेरीच्या छपरापलीकडे, दगडाच्या दिशेला, नैर्ऋत्येकडे पाहत बसले. समोर एक गिऱ्हाईक ताटकळत उभे होते. त्याला मी हातानेच थोडे थांबायला सांगितले. तिकडे पाणी उतरण्याची वेळ झाली होती.